दांड्यापुरतं प्लॅस्टिक

तीर्थरूप ताईच्या चरणी धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे हा नमस्कार खुर्चीत बसूनच केला आहे, पण भाव साष्टांगाचाच समजावा.) तुझा रक्तदाब ताब्यात असेल, भावोजींची दाढ एकदाची निघाली असेल आणि भाचीचा पेपर तिला वाटला त्यापेक्षा बरा गेला असेल, अशी आशा करतो. भावोजींनी आज दुपारी आईला सुखरूप आणून सोडलं. तुझ्याकडे फार छान गेले दिवस, म्हणते. रविवारी तू तिला कायमची न्यायला येणार, तोवर तिचं सामान बांधून ठेवायचं, हा तुझा निरोप भावोजींनी जिन्यातच सांगितला आणि चहासुद्धा न घेता ते निघून गेले. (त्यांच्या जागी मी असतो तर मीही थांबलो नसतो.) तर ताई, सामान मी बांधणार नाही. का नाही ते नीट सांगायचंय, म्हणून पत्र लिहितोय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

सगळं घोडं अडलंय ते बाथरूमच्या दारापाशी. दाराची आतली मूठ गोल आणि गुळगुळीत. आईची बोटं आखडलेली, त्यात हाताला साबण, त्यामुळे ती मूठ तिला वळत नाही. त्या दिवशी ती आत अडकली तेव्हा मी स्टुलावर चढून, झरोक्याच्या काचा काढून, खांद्यापर्यंत हात आत घातला, आणि आई आतून शांतपणे म्हणाली की आधी तोंड तिकडे कर. दार उघडं ठेवून आंघोळ करायला ती तयार नाही, आणि तिने का व्हावं? तुझ्याकडे दारांना खाली दाबायच्या दांड्याची कुलपं आहेत, मान्य. इथे कुलूप बदलायचं तर घरमालकाने दाराला एक खिळादेखील मारायचा नाही असं बजावलंय. (हा गृहस्थ भाडं घ्यायला येतो तेव्हा बेलही हलक्या बोटाने दाबतो, झिजेल म्हणून.) आईला विचारावं तर ‘तुम्ही दोघं काय ते ठरवा’ म्हणते आणि पेपर वाचायला घेते. म्हणून मी ठरवलं, त्या मुठीवर टोपीसारखा घट्ट बसेल असा लांब दांडा आपणच बनवायचा. कोपराने ढकलला तरी दार उघडलं पाहिजे.

माझं मशीन तू पाहिलं आहेस. टेबलावर मावतं आणि कॉम्प्युटर सांगेल तसा आकार ठोकळ्यातून कोरून काढतं. तू त्याला रिकामटेकड्याचं खेळणं म्हणतेस, आणि आजवर मी त्यावर किल्ल्या अडकवायच्या पट्ट्यांपलीकडे काही केलं नाही हे खरं आहे. पण आता त्याला पहिल्यांदा काम मिळालंय. लाकूड ओलाव्याने फुगतं, लोखंड माझ्या मशीनला झेपत नाही. राहिलं प्लॅस्टिक. आता गंमत बघ, प्लॅस्टिक फार झालं म्हणून जग ओरडतंय, पण विटेएवढा एक ठोकळा मला कोणी विकत देईना. प्लॅस्टिकच्या ठोक व्यापाऱ्याकडे गेलो, तर त्याने चष्म्यावरून बघत विचारलं, कारखाना कुठे आहे? म्हटलं, बेडरूममध्ये. तो म्हणाला, कापून देत नाही, अख्खी शीट घ्यावी लागेल. शीट पाहिली. आमच्या पलंगापेक्षा मोठी होती, आणि भाव ऐकून मला तिथल्याच एका गुंडाळीवर बसावं लागलं.

मग गेलो बोर्ड रंगवणाऱ्याकडे. त्याच्याकडे अक्षरं कापून उरलेले अ‍ॅक्रिलिकचे तुकडे पडलेले असतात. फुकट देतो म्हणाला, आणि ‘दंतवैद्य’मधून उरलेले जाड तुकडे पिशवीभर दिले. पहिला तुकडा मशीनने कापलाच नाही, वितळवला. तो कापणाऱ्या पात्याभोवती असा गुंडाळला गेला की पातं आणि प्लॅस्टिक वेगळं करायला मला संध्याकाळ लागली. दुसऱ्या वेळी वेग कमी केला. दांडा झाला, देखणा झाला, मी हिला हाक मारून दाखवला, आणि मुठीवर बसवताना त्याचे कट्‌कन दोन तुकडे झाले. (हिने केरसुणी आणून माझ्या हातात दिली.) मी हटलो नाही. कुठेतरी वाचलं होतं की बाटल्यांची झाकणं वितळवून ठोकळा करता येतो. सगळ्या मजल्यांवरून झाकणं गोळा केली, धुतली, केकच्या भांड्यात घालून ओव्हनमध्ये ठेवली. ठोकळा निघाला, पण आत पोकळ्याच पोकळ्या. केकचं भांडं मात्र आता त्या ठोकळ्याचाच एक भाग आहे. तेव्हापासून ओव्हनला हात लावायला मला बंदी आहे.

आणि मग एकदा भाजी चिरून देताना (शिक्षा म्हणून) माझं लक्ष हाताखालच्या, भाजी चिरायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बोर्डाकडे गेलं. ताई, हेच ते. पाण्याला दाद देत नाही, तडकत नाही, स्वस्त आहे, आणि मशीनखाली असं मऊ कापलं जातं की बघत बसावं. खोलीभर पांढरा कीस उडाला, पडद्यांना चिकटला, माझ्या भुवयांना चिकटला, पण दांडा झाला. फक्त पातळ झाला. मुठीला अर्धवटच धरतो आणि सटकतो. दोन बोर्ड एकमेकांना चिकटवून पाहिले, पण कुठलाही गोंद या प्लॅस्टिकला धरत नाही. बाजारात सगळे बोर्ड असेच चपटे. आई तुझ्याकडे निघाली त्याच्या आदल्या संध्याकाळी जेवताना मी हेच रडगाणं गात होतो. पण एवढं लिहून ठेव, हा दांडा मी करणार म्हणजे करणार. आई इथून गेली तर सकाळी मला पेपरातली अर्धी बातमी वाचून दाखवून उरलेली स्वतःशीच कोण वाचणार? मला करमणार नाही. झालं, बोललो एकदाचं.

भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. कळावे.

तुझा,
हट्टी धाकटा

ता. क. : तुझ्या ओट्यावर चांगला चार बोटं जाड, खाटकाकडे असतो तसा पांढरा बोर्ड आहे. पत्र खरं तर त्याच्यासाठीच लिहिलंय. तो रविवारच्या आत पाठव. बदल्यात मी तुला माझे सगळे पातळ बोर्ड देतो. थोडी भोकं आहेत.

दुसरा ता. क. : बोर्ड पाठवू नकोस, आणि घरात शोधूही नकोस. आत्ता आईने शाल काढून दे म्हणून सांगितलं. तिची बॅग उघडली, तर शालीखाली, टॉवेलात गुंडाळलेला, तुझा बोर्ड. आई म्हणाली, तिच्याकडे आणखी एक आहे, चालेल तिचं. मग जरा वेळाने विचारलं, यातून उरलं तर गॅलरीच्या दारालाही एक दांडा होईल का रे, तेही मला जड जातं. आपण दोघं ठरवत बसलो आणि तिने ठरवून टाकलं. तेव्हा रविवारी जेवायला सगळे जरूर या. जाताना मात्र बोर्डही मिळणार नाही आणि आईही.