कुलूप माझ्याकडे, रजिस्टर तुमच्याकडे

दिघी,
४ ऑगस्ट २०२५

श्री. जयसिंगराव यांस,
मु. पो. कडूस, ता. खेड

अनंताचा नमस्कार. नमस्काराच्या आधी 'सप्रेम' लिहायची रीत आहे, पण आपल्यात सध्या नेमकं काय शिल्लक आहे याची मोजणी अडीच वर्षांत झालेली नाही. म्हणून ती जागा मोकळी सोडली आहे. तुम्हाला योग्य वाटेल ते भरून घ्यावं. गुडघा कसा आहे? (धनेशकडून कळलं, की तुम्ही गुडघ्याला पट्टा बांधून भातखाचरात उतरता. घरचे भीतीने बोलत नसतील, म्हणून मी सांगतो, उतरू नका.) कस्तुरावहिनींना नमस्कार सांगावा. त्यांच्या हातची हुलग्याची शेंगोळी आमच्याकडे अजून निघते, म्हणजे बोलण्यात. आमच्याकडे सर्व कुशल आहे असं लिहून टाकलं असतं, पण खोटी नोंद मी आयुष्यात केलेली नाही, ती आता या वयात कशाला करू? कुशल नाही. तुम्हाला पत्र लिहितो आहे, यावरूनच काय ते ओळखा.

प्रसंग असा आहे. आमच्या सुखदाला ऑक्टोबरच्या मध्यावर बाळ होणार आहे, तिकडे जर्मनीत. वासंतीला तिच्या बाळंतपणाला जायचं आहे. व्हिसाची मुलाखत येत्या एकवीस तारखेला मुंबईला आहे, आणि त्या मुलाखतीचं पत्र छापून हातात नसेल तर दारावरूनच परत पाठवतात म्हणे. ते पत्र माझ्या ईमेलमध्ये आलेलं आहे. ईमेल माझ्या जुन्या फोनवर कायम उघडाच असायचा. तो फोन गेल्या मंगळवारी माझ्या खिशातून धुण्याच्या बादलीत पडला, आणि नवा फोन पासवर्ड विचारतो आहे. एवढीच गोष्ट आहे. यात काय अवघड आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही मंगळवारी संध्याकाळपर्यंत तसंच वाटत होतं.

पासवर्ड हरवलेला नाही, हे आधी सांगतो. माझ्याकडे कुठलीच वस्तू हरवत नाही. तुम्हाला आठवत असेल, रिटायर व्हायच्या आधी आमचा वाकडचा पुतण्या निमिष याने मला पासवर्ड सांभाळणारं एक ॲप घालून दिलं. सगळे पासवर्ड त्यात ठेवायचे आणि त्या ॲपचा एकच लक्षात ठेवायचा. (तो मला पाठ आहे, म्हणून नव्या फोनवरही ते ॲप उघडलं. अंगठ्यानेही उघडतं म्हणे, पण कंपनीच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं ग्रीस लागलेले सुटे भाग हाताळल्यावर माझ्या अंगठ्यावर रेषा म्हणून काही उरलेलं नाही. फोन दर वेळी मला परका समजतो.) निमिष म्हणाला, काका, ते आपोआप सगळं भरून घेतं, तुम्ही काही करू नका. आता स्टोअरच्या माणसाला 'काही करू नका' म्हणणं म्हणजे काय! त्याची पाठ वळताच मी आपोआपचं बटण बंद केलं आणि सगळा माल स्वतःच्या हाताने लावला. आपल्या पद्धतीने. रॅक, रॅकच्या खणातला बिन, नंबर. वीजबिल आर-१/बी-४, बँक आर-३/बी-२, असं. साइटचं नाव कुठेही लिहिलं नाही, कारण बिनवर मालाचं नाव लिहिलं की चोराचं काम सोपं होतं, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

आणि कुठल्या बिनमध्ये काय आहे, ते रजिस्टरात. लाल पुठ्ठ्याचं, दोनशे पानी. कुलूप ज्याच्याकडे त्याच्याकडे रजिस्टर नाही, आणि रजिस्टर ज्याच्याकडे त्याच्याकडे कुलूप नाही, हा नियम आपण दोघांनी मिळून एकतीस वर्षं पाळला. म्हणून ते रजिस्टर मी तेव्हा तुमच्या ताब्यात दिलं. निमिषला हे परवा सांगितलं तेव्हा त्याने मोबाइलची यादी वर सरकवली, खाली सरकवली, पुन्हा वर सरकवली आणि म्हणाला, "काका, हे पासवर्ड आहेत की नट-बोल्ट?" हल्लीच्या मुलांना शिस्त समजावून सांगण्यात अर्थ नाही, आणि त्यातून त्याचं बरोबरही होतं.

तर यादी. यादीत चारशे बारा नोंदी आहेत. माझी खाती अडतीसच आहेत, पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी पासवर्ड बदलायचो आणि जुना काढून टाकायचो नाही, कारण माल भंगारात काढायला दोन सह्या लागतात. एक माझी, दुसरी तुमची. पुढे तुमची सही मिळणं बंद झालं, रजिस्टरही तुमच्याकडेच, आणि नोंद न करता माल हलवायचा नाही, म्हणून मी बदलणंही थांबवलं. तेव्हापासून चारशे बारा नोंदी जशाच्या तशा पडून आहेत. त्यातले तीनशे चौऱ्याहत्तर मेलेले आणि अडतीस जिवंत, आणि सगळ्यांचे चेहरे एकसारखे. त्यातला एक माझ्या ईमेलचा. बहुतेक आर-७ मधला. किंवा आर-११. (त्या वर्षी आपण ट्रान्समिशनचे भाग सातवरून अकरावर हलवले होते, त्यात माझा गोंधळ होतो.)

बरं, सात नंबरची रॅक शोधावी म्हटलं तर ॲपला मोजता येत नाही. एकच्या शेजारी दहा, मग अकरा, मग बारा, आणि दोनचा पत्ता थेट एकोणिसानंतर. अख्खं स्टोअर कोणीतरी दारू पिऊन लावल्यासारखं दिसतं. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "शून्य टाका फुडं, साहेब. शून्य सात. न्हाईतर घोळ हुईल." मी म्हणालो होतो, शून्याला किंमत नसते. ते असो. बोटाने यादी खाली खाली न्यायची, सातवर पोचायचं, एक बिन उघडायचा, ठिपक्यांवर बोट दाबायचं, पासवर्ड घाईने पाठकोऱ्या कागदावर उतरवायचा, आणि मागे आलं की यादी पुन्हा पहिल्या ओळीवर. आर-१/बी-१. गेल्या सहा दिवसांत मी आर-१/बी-१ इतक्या वेळा पाहिला आहे, की त्याच्याशी माझी ओळख होऊ लागली आहे. तो जुन्या गॅसच्या नंबराचा असावा असा माझा अंदाज आहे. बिचारा बंद पडलेला आहे.

एवढं करूनही पासवर्ड चुकतो, आणि तीनदा चुकला की ईमेलवाले दार लावून घेतात. दुसऱ्या दिवशी या म्हणतात. म्हणजे दिवसाला तीन. चारशे बाराला तीनने भागा. एकशे अडतीस दिवस. त्या हिशेबाने मी डिसेंबरच्या विसाव्याच्या सुमाराला आत शिरेन. तोवर बाळाला आजी दिसलेली नसेल आणि सुखदा बाळंतपणातून एकटीच उठलेली असेल.

पासवर्ड विसरलात का, असं ते विचारतात, आणि हो म्हटलं की फोनवर सहा आकडे पाठवतात. पाठवले. कुठे पाठवले? खातं उघडताना मी कंपनीचा नंबर दिला होता, तिकडे. तो नंबर मी रिटायर होताना रीतसर जमा केला (पावती आहे). मी लगेच धनेशला फोन लावला. धनेश आता तुमच्या-माझ्या खुर्चीवर बसतो, पोरगा चांगला आहे. तो म्हणाला, "काका, ते सिम आता गेटवरच्या वजनकाट्यात टाकलंय." ट्रकचं वजन झालं की काटा ड्रायव्हरला मेसेज पाठवतो, त्या यंत्रात. त्याला मेसेज पाठवता येतो, आलेला दाखवता येत नाही, कारण त्याला तशी काचच नाही. म्हणजे मी मीच आहे, हे सिद्ध करणारे सहा आकडे चाकणच्या वजनकाट्याला माहीत आहेत आणि मला नाहीत. मी धनेशला विचारलं, सिम काढून बघता येईल का? तो म्हणाला, सील आहे, काढायचं तर वजनमापवाल्यांना बोलवावं लागेल आणि दोन सह्या लागतील. (हा नियम त्याला मीच शिकवला होता.) त्याने जाता जाता तुमचा नंबर देऊ का म्हणून विचारलं. मी नको म्हणालो.

वासंती रागावत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती डिंकाचे लाडू वळते, काळा मसाला कुटून पाकिटात भरते, बाळाची दुपटी इस्त्री करते आणि बॅगेत लावते. मी यादी घेऊन खुर्चीत बसलेला असतो. मधूनच ती विचारते, "कुठवर आलं?" मी म्हणतो, आर-१२. ती "बरं" म्हणते आणि मेथीचा डबा उघडते. एकतीस वर्षांत कोणत्याही ऑडिटरने मला एवढं लाजवलं नव्हतं.

आता ऑडिटचा विषय निघालाच आहे, तर मनातलं बोलून टाकतो. माझ्या सेंड-ऑफला मी साठ माणसांसमोर उभा राहून म्हणालो, की माझ्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षांत एका वॉशरचाही फरक आला नाही. आणि तुम्ही तिसऱ्या रांगेतून, हातात गुलाबजामची डिश घेऊन, मोठ्याने म्हणालात, "आन् ते सहा बेअरिंग?" लोक हसले. मॅनेजरसाहेब हसले. वासंतीसुद्धा हसली. २००९ च्या मार्चच्या मोजणीत सहा बेअरिंग कमी आले होते आणि मेमो तुमच्या नावावर निघाला होता, हे खरं आहे. पण त्या शिफ्टला चावी तुमच्याकडे होती. त्यात माझा काय दोष? माझ्या आयुष्यातल्या एकुलत्या एका भाषणात ते काढायचं काही कारण होतं का? मी घरी येऊन शाल काढायच्या आधी तुमचा नंबर काढून टाकला. अडीच वर्षं झाली. मला त्याचं काही वाटत नाही. दर सोमवारी सकाळी थोडं वाटतं, बाकी नाही.

असो. हे पत्र सहज लिहिलं आहे. काही काम नाही. पावसापाण्याचं जपून राहा.

आपला,
अनंत

ता. क. पत्र बंद करता करता आठवलं म्हणून लिहितो. ते लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर तुमच्याकडे असेल, तर त्यात आर-७ आणि आर-११ ही पानं बघून 'ईमेल, घरचा' कुठल्या बिनला आहे तेवढा नंबर कळवावा. रद्दीत गेलं असेल तर तसं कळवावं. तुमच्या हातून रद्दीत गेलं नसणार, हे मला माहीत आहे.

ता. क. २. पहिलं ता. क. लिहून काल थांबलो होतो. रजिस्टराची एक कच्ची प्रत कुठे सापडते का, म्हणून आज सकाळी माळ्यावर चढलो. तिथे आमच्या मंडळाच्या २००८ च्या हलत्या देखाव्याचं पोतं आहे. कालियामर्दन केलं होतं, तू मुलांना घेऊन बघायला आला होतास. कालियाखालची फिरती फळी काढली. तिला सहा बेअरिंग आहेत. ग्रीस वाळून मेण झालं आहे, पण आपल्या बिनचा लाल ठिपका सहाही जणांवर तसाच आहे. मी नेले होते, जयसिंग. दहा दिवसांचं तर काम, विसर्जन झालं की ठेवू परत, म्हणून माल नेल्याची चिठ्ठी लिहिली नव्हती. मार्चमध्ये मला ते आठवलं नाही, हे देवाशपथ खरं. पण मी आठवायचा प्रयत्नही केला नाही, कारण चावी तुझ्याकडे होती आणि तेवढ्यावर माझं भागलं. त्या मेमोपायी तुझं प्रमोशन दोन वर्षं लांबलं. तू मला सोळा वर्षांत एकदाच विचारलंस, आणि मी तुझा नंबर काढून टाकला.

वर पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे, की मी खोटी नोंद कधी केली नाही. ते खोडत नाही, आपल्यात खाडाखोड चालत नाही. शेजारी दुरुस्ती लिहून सही केली आहे. दुसऱ्या सहीची जागा मोकळी आहे.

ता. क. ३. जयसिंगभावजींना वासंतीचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. मुलाखतीचं पत्र सुखदाच्याही ईमेलवर गेलं होतं. तिने गुरुवारीच मला पाठवलं, निमिषने छापून आणलं, बॅगेत दुपट्यांच्या खाली आहे. यांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर हे तुम्हाला पत्र लिहायला बसलेच नसते. रविवारी कस्तुरावहिनींना घेऊन जेवायला या, रजिस्टर आणायचं विसरू नका, नाहीतर यांना संशय येईल. बेअरिंग मी रॉकेलने पुसून लाडवांच्या रिकाम्या डब्यात ठेवले आहेत. सहाच्या सहा आहेत. मी दोनदा मोजले, आणि तशी चिठ्ठी लिहून सही केली आहे.