उरलेल्या विजेचा भाव

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

अगं, आपल्या गच्चीवर वीज पिकायला लागली! नवं मीटर दोन्हीकडून मोजतं. दिवसा आठ सौर पॅनल जी वीज बनवतात ती आम्हा दोघा म्हाताऱ्यांना संपता संपत नाही. उरलेली तारेतून बाहेर जाते आणि खात्यावर जमा होते. रात्री आम्ही घेतो ती त्यातून वजा. पहिलं बिल आलं तेव्हा वहिनी ते उलटंसुलटं करून बघत होती, रक्कम छापायची राहिली की काय म्हणून.

मेख पुढेच आहे. वर्षअखेरीला शिल्लक युनिटं वीज कंपनी विकत घेते, पण आपण ज्या भावाने घेतो त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाने! माझा नुसता जळफळाट झाला. कंपनीच्या कचेरीतल्या बाईंना जाऊन विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या की काका, विकण्यापेक्षा घरातच वापरा.

तू तुझी कपबशा भाजायची विजेची भट्टी विकायला काढलीस असं कळलं. विजेच्या बिलाने तुझं कंबरडं मोडलं हे खरं, पण म्हणून कपबशांच्या दुकानात नोकरी? तू घडवायच्या सोडून दुसऱ्याच्या कपबशा पुसत बसणार? भट्टी घेऊन इकडे ये. खालची खोली रिकामी आहे. उपकाराचं मनातही आणू नकोस, वीज तशीही वाया जातेय.

वहिनीचे आशीर्वाद. उत्तराला उशीर करू नकोस.

तुझा
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि भट्टी न्यायला आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. तो तणतणत गेला. मी मात्र घरभर नाचले.

मग जरा डोकं चालवलं. दोन माणसांच्या घराला तीन पॅनल रग्गड होतात, तू आठ बसवलेस. मी खोलीत असतानाही दिवा बंद करून जाणारा तू! दादा, तुला लहानपणीही धड खोटं बोलता यायचं नाही. मला हसूही आलं आणि रडूही आलं.

येते. पण अट आहे. शिल्लक युनिटाला कंपनी तुला जो भाव देते, तोच मी देणार. पैसाही कमी नाही, पैसाही जास्त नाही. त्या भावात मला दर आठवड्याला भट्टीची एक भाजणी परवडेल आणि मानही ताठ राहील. मंजूर असेल तर टेम्पो ठरवते.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
ठमी

१५ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

मंजूर, मंजूर! टेम्पो आजच ठरव. दाराचं माप घेतलंय, भट्टी आरामात आत जाईल. हिशेब मात्र वहिनी ठेवणार आहे, मी तुला गुपचूप सूट देईन अशी तिला खात्री आहे.

आठ पॅनलचं तू पकडलंसच, आता काय लपवू? मिस्त्रीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं की घरात माणसं किती. वहिनी दोन म्हणणार, तेवढ्यात मी ‘तीन, आणि एक भट्टी’ असं सांगून टाकलं.

लोभ आहेच, बाकीचा समोरासमोर.

तुझा
दादा