यादीतली पहिली ओळ

प्रिय ठके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडता ठेवून दिलंस, तरी मला बोलायला तोंड नाही. तू तुझ्या मनाने लग्न केलंस आणि त्या दिवसापासून मी तुझं नाव घरात निघू दिलं नाही. देवापुढे बसल्यावर मात्र ते ओठांवर यायचं, मग मी डोळे घट्ट मिटून घ्यायचे. जसं काही त्याला दिसतच नाही!

बाबा आता काठी टेकत गॅलरीपर्यंत जातात. जीभ मात्र तशीच तिखट. येईल त्याला सांगतात, "आमची ही झिजलेल्या साबणालासुद्धा निवृत्त होऊ देत नाही." धाकटीची परीक्षा जवळ आली आहे. मधली घरूनच नोकरी करते. कंपनीसाठी भाड्याची कॉम्प्युटरं किती आणि कशी उभी करायची, हे ती फाइलीत लिहून ठेवते. यंत्र ते वाचतं आणि तसं उभं करतं.

परवा ती जेवायला उठेना. मी ताट तिच्यापुढे नेऊन ठेवलं आणि म्हटलं, "एवढं काय आभाळ कोसळलंय?" म्हणाली, "कोसळलंच आहे. यादीतली पहिली ओळ नको होती म्हणून काढली." त्यांची यादी नंबरावर चालायची. पहिली गेली तशी दुसरी पहिली झाली, तिसरी दुसरी. यंत्राला वाटलं, सगळंच बदललं. त्याने धडधाकट चाललेली कॉम्प्युटरं पाडली आणि सरकलेल्या नंबरांवर नव्याने बांधली. आतलं होतं नव्हतं ते पुसलं गेलं. मग तिने त्या यादीचं रूपच पालटलं. प्रत्येकाला त्याचं नाव, आणि नावापुढे त्याचं जे काय असेल ते. त्याला मॅप म्हणतात म्हणे. आता एक काढलं तर तेवढंच जातं, बाकीची जागची हलत नाहीत.

मी मॅट्रिक झालेली बाई, पण हे मला चटकन कळलं. वर शहाणपणाही केला. "एवढं शिकून नंबर कसले घालता गं? माझ्या वहीत दूधवाल्याचं पान दूधवाल्याच्या नावाचं. पेपर बंद केला म्हणून दूधवाल्याला धक्का लागत नाही." ती "दूधवाल्याला नाही लागत," एवढंच म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

ठके, भांडी घासता घासता ते मला लागलं. तुझी जागा रिकामी दिसू नये म्हणून मी मधलीला थोरली केलं. बाबांचं आजारपण थोरलीने बघायचं असं ठरलं होतं ना, म्हणून तिचं वसतिगृह सोडवून तिला घरी आणलं. तुझे स्वेटर तिला दिले. बाह्या लांब पडल्या तर म्हटलं, दुमडून घाल. मधलीच्या चित्रकलेच्या क्लासला धाकटीला बसवलं, जिला रंगाच्या वासाने मळमळतं. हसत्याखेळत्या दोन पोरी मी मोडल्या आणि एकेक जागा वर सरकवून पुन्हा उभ्या केल्या. वर लोकांना सांगत फिरले, माझ्या मुली फार समजूतदार.

आता लिहायला का बसले ते सांगते. मधलीचं लग्न ठरतंय. गेल्या रविवारी मुलाच्या आईने सहज विचारलं, "मुली किती तुम्हाला?" मी म्हटलं, "दोन. ही थोरली." मधली चहाचे कप घेऊन तिथेच उभी होती. ते गेल्यावर म्हणाली, "तुझ्या घरात थोरली झाले. आता त्यांच्याही घरात खोटीच होऊन जाऊ? ताई नसेल तर मला हे लग्न नको." तेव्हा मी तिलाच दटावलं. आज माझी मला लाज वाटते. येत्या रविवारी ती माणसं पुन्हा येणार आहेत, आणि त्यांच्यासमोर मला माझं उत्तर दुरुस्त करायचं आहे. तेव्हा तू माझ्या शेजारी बसावंस, हे मागायचा हक्क मी घालवलाय, तरी मागते. जावयांनाही आण, त्यांचा चेहराही मी कधी धड पाहिला नाही. आणि नाही आलीस, तरी मी तीनच सांगणार, तुझ्या नावापासून.

तू मानलंस तर तुझीच,
आई