तिसरी कादंबरी आणि सहा दहाची कुडाळ

कट्टा, ता. मालवण
मंगळवार, १० फेब्रुवारी

ती. अक्कास,

धाकट्या सत्यवानाचा वाकून नमस्कार (गुडघे जितके वाकू देतात तितका). तुझ्या डोळ्यांचे थेंब तू वेळेवर घालत असशील आणि शेजारणीची मांजर आता स्वयंपाकघरात येत नसेल, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. जेवणाखाणाचे हाल नाहीत. रविवारपासून तुला अकरा वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. रत्नागिरीत रेंज जात असेल असं समजून पत्र लिहायला बसलो. शुद्धलेखनाच्या चुका नेहमीप्रमाणे लाल शाईने काढून ठेव.

महिनाभरात कोणत्या कादंबऱ्या वाचल्यास आणि कोणती आवडली, असं तू विचारलं होतंस. महिनाभरात तीन वाचल्या. पहिली एका दीपगृहाच्या रखवालदाराची. ती फार आवडली, कारण त्यात माणसं कमी आहेत आणि सगळं वेळच्या वेळी होतं. (तीस वर्षं एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून काढल्यावर दुसरं काय आवडणार?) दुसरी डॉक्टरांच्या चार पिढ्यांची. दुसऱ्या पिढीत मी बाहेर पडलो. तिसरीबद्दल मात्र सविस्तर लिहावं लागेल, कारण तिच्यामुळे आमच्या गावात जे झालं ते तुझ्या कानावर कोणत्या ना कोणत्या बाजूने आलं असेलच. माझीही बाजू असावी.

ती मी वाचनालयातून आणली. बाइंडिंग करताना तिचं मुखपृष्ठ आणि आतलं नावाचं पान गेलं आहे, त्यामुळे नाव सांगता येत नाही. पन्नाशीची एक बाई. नवरा वाईट नाही, मारत नाही, पीत नाही. एके दिवशी पहाटे ती उठते, चूल न पेटवता पिशवी घेते आणि पहिल्या गाडीने निघून जाते. एवढीच गोष्ट. मला सुरुवातीला राग आला, की कारण काय ते लेखकाने नीट द्यायला नको? पण पुस्तकात कोणीतरी पेन्सिलीने कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, आणि ते मी कादंबरीपेक्षा जास्त आवडीने वाचू लागलो. एका ठिकाणी तो नवरा मिठाची बरणी हाताशी असून बायकोला आतून हाक मारतो. तिथे लिहिलं होतं, 'आमच्याकडे पण.' मी हसलो. जेवताना यशोदेला तो प्रसंग वाचूनही दाखवला, म्हटलं, कसला बावळट माणूस आहे बघ. मग मी तिला सोलकढी वाढायला सांगितली. (भांडं माझ्या ताटाला लागून होतं. हे मला आज आठवतंय.)

मग बुधवारी ते पान आलं. बाई घर सोडते तिथे कडेला लिहिलेलं, 'मी पण. रविवारी, सहा दहाची कुडाळ.'

अक्का, माझ्या अंगावर काटा आला. सहा दहाची कुडाळ ही गाडी मी स्वतः किती हजार वेळा सोडली असेल. आणि रविवार चार दिवसांवर. या गावातली कोणीतरी बाई आपलं घर सोडून निघाली होती आणि ते फक्त मला माहीत होतं. (जुना रविवार असेल हा विचार मनात आला, पण पुस्तक वाचनालयात नोव्हेंबरातच, बाइंडिंग होऊन आलेलं. शिवाय पेन्सिल ताजी दिसत होती. बोटाला लागली.) मागच्या चिठ्ठीवर पुस्तक नेणाऱ्यांची नावं होती. माझ्याआधी तीनच. निवृत्त बर्नादेत टीचर, औषधाच्या दुकानातल्या विनीतची बायको अनुजा, आणि लाँचवरचा म्हातारा गंगाराम. गंगाराम विधुर, घरात एकटा, त्याला मी वगळला. उरल्या दोघी.

मी काय करायला हवं होतं? तू म्हणशील, गप्प बसायचं. पण गाडी चुकणारा माणूस समोर दिसत असताना मी कधी गप्प बसलेलो नाही. गुरुवारी टीचरच्या नवऱ्याकडे, मॅन्युएलकडे गेलो. तो माडाला पाणी घालत होता. बर्नादेत टीचर बाजारात गेल्याचं बघून मी त्याला पुस्तक दाखवलं. त्याने ते पान तीनदा वाचलं आणि पाइप हातातच राहिला, पाणी त्याच्या चपलांवर.

"सत्यवान, माझा काय चुकला रे?" तो म्हणाला. "चाळीस वर्सां झाली."

मी म्हटलं, मीठ आपल्या हाताने घे. दुसरं मलाही सुचलं नाही. त्याने त्याच दुपारी भांडी घासायला घेतली, आणि टीचरना वाटलं याला ताप आलाय.

शुक्रवारी विनीत. तो तरुण, त्याने मला उडवून लावलं. "काका, अनुजा आणि पहाटे सहाला उठतली?" पण संध्याकाळी तोच दुकान बंद करून माझ्या दारात. चेहरा पांढरा. म्हणाला, ती कपाट आवरतेय काका, सकाळपासून कपाट आवरतेय. त्या रात्री मला झोप आली नाही. यशोदेने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, तुझ्या कामाचं नाही. गावातल्या एका संसाराचा प्रश्न आहे.

शनिवारी संध्याकाळी वाचनालयाची महिन्याची बैठक होती. तिथे प्रत्येकाने महिनाभरात आवडलेली एक कादंबरी दहा मिनिटांत सांगायची असते. मी तीच निवडली. तीस-बत्तीस माणसं होती. मी गोष्ट सांगत होतो आणि नजर बर्नादेत टीचर आणि अनुजा यांच्यावर. शेवटी माझा आवाजच फुटला. मी म्हटलं, जी कोणी बाई असा विचार करत असेल तिने एकदा, फक्त एकदा, घरात बोलून बघावं. अनुजाने डोळे पुसले. विनीत उभा राहिला, परत बसला. मॅन्युएल पुटपुटत प्रार्थना करत होता. मागच्या रांगेत यशोदा बसली होती. ती बैठकीला कधी येत नाही, त्या दिवशी आली. मला बरं वाटलं. वाटलं, माझं भाषण ऐकायला आली.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही तिघे स्टॉपवर. यशोदा न्हाणीघरात होती, म्हणून मी चहा न पिताच निघालो होतो. अंधार होता, धुकं होतं, मॅन्युएलने कानाला मफलर बांधलेला आणि विनीत दर दोन मिनिटांनी घरी फोन करून अनुजा उचलते का बघत होता. (पाचव्या वेळी तिने उचलला आणि त्याला जे सुनावलं ते आम्हालाही ऐकू आलं. विनीत आनंदाने घरी पळाला.) म्हणजे उरल्या टीचर. मॅन्युएल माझा हात धरून उभा. गाडी सहा पाचला येऊन लागली. आणि सहा सातला धुक्यातून बर्नादेत टीचर आल्या. हातात मोठी पिशवी.

मॅन्युएल रस्त्यातच आडवा झाला. "बर्नादेत, जाव नको गो! मी भांडी घासतंय, कपडे पण धुतलंय!"

टीचरनी पिशवी खाली ठेवली. "मॅन्युएल, तुका चार फावटी सांगलंय. कुडाळाक माझ्या भाचयेच्या, सँड्रीनाच्या चेडवाचो बाप्तिस्मा आसा. तू नऊच्या गाडयेन येतलंस. आणि माझा निळा लुगडा कोणी उकळत्या पाण्यात घातला?"

मग मी पुस्तकाचं विचारलं. त्या लाजल्या. कडेला त्याच लिहितात, शाळेपासूनची सवय. आणि त्या पानावर बाईने पहिली गाडी पकडलेली वाचून त्यांना आपली गाडी आठवली, विसरू नये म्हणून तिथेच टिपून ठेवली. एवढंच. अक्का, मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसलो. मॅन्युएल हसला, कंडक्टर हसला. टीचर गाडीत बसल्या. सहा नऊ झाले.

आणि यशोदा आली.

हिरवं लुगडं, मुंबईला नेतो ती बॅग. मला वाटलं माझा चहा घेऊन आली. ती माझ्या बाजूने जाऊन गाडीच्या पायरीवर चढली.

मी विचारलं, "खंय जातंस गो?"

"अक्कांकडे. रत्नागिरीक."

"म्हणजे ता पेन्सिलीतला तुझा?"

"माझा कित्याक आसतला? माका लिवूक येळ खंय गावता?" ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुमी लोकांच्या घरात जावन बायलांची दुखां इचारीत फिरलात. त्या दोन दिसांत मी ता पुस्तक वाचलंय. बरा आसा. तेवढा आपला घर रवला इचारूचा."

"कधी येतलंस?"

"बघतंय," ती म्हणाली आणि आत जाऊन खिडकीशी बसली.

कंडक्टर माझ्याकडे बघत होता. तो माझ्या हाताखाली शिकलेला. साहेब, थांबवू का, असं त्याच्या तोंडावर. पूर्ण गाडी बघत होती. मी घड्याळ बघितलं. सहा दहा. आणि अक्का, तुला खरं सांगतो, माझा हात आपोआप वर गेला आणि मी गाडी सोडली. तीस वर्षांची सवय. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मला कळलं मी काय केलं. मॅन्युएलने मला घरी आणलं. दारात त्याने मफलर काढून माझ्या गळ्यात घातला.

दोन दिवस मी चौथी कादंबरी वाचायचा प्रयत्न करतोय. एकाच पानावर आहे. घरात कोण कुठे काय ठेवतं हे मला माहीत नाही असं लक्षात आलं. चौतीस वर्षांत ती कधी, काय, कुठे बसून वाचते हेही मला माहीत नव्हतं. तिला वाचायला आवडतं हेच माहीत नव्हतं. तुला माहीत होतं का?

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो असू दे.

तुझा,
सत्या

ता. क. वर जेवणाचे हाल नाहीत असं लिहिलं, ते खोटं आहे. मॅन्युएल डबा आणतो. स्वतः करतो. टीचर म्हणतात, शिकतोय, सांभाळून घ्या.

ता. क. २. पत्र स्पीड पोस्टने पाठवतोय. वाचून झालं की टेबलावर उघडंच ठेव आणि जरा बाजारात जाऊन ये. यशोदा दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही, पण हे शेवटचं तुझ्यासाठी नाही.

ता. क. ३. यशोदे, येत्या शनिवारी मी अक्काकडे येऊ का? तुला न्यायला येत नाही. तू आहेस तितके दिवस तिथेच राहीन, आणि तू सांगशील ते ऐकेन. नको म्हणालीस तर नाही येणार. पण अक्काला तेवढा फोन उचलायला सांग.