माझ्या हातचा कागद

१० फेब्रु., मंगळ.
सून सुषमा गावची आशाताई आहे, दवाखान्याचं काम करते. गोवराच्या लसीची यादी घेऊन बसलेली. आपल्या टोलीत, ह्या वस्तीत, एकच नाव बाकी: शेजारच्या कौसल्याची नात परी, दीड वर्षाची. सुषमा म्हणते, "आई, ते तुमचंच ऐकतेत. एक डाव बोला." कोणत्या तोंडानं बोलू? करोनात कौसल्याच्या मालकाला सुई घ्यायला मीच हात धरून नेलं. अकराव्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं जुनं दुखणं. कौसल्या म्हणे, "सरकारचं काय, त्याचा आकडा भरला." मला मात्र एका शब्दानं बोलली नाही. तेच जड जाते.

१२, गुरु.
कौसल्याच्या दारावर कडुनिंबाचा डहाळा. म्हणजे घरात माता आली, बाहेरच्यानं उंबरा ओलांडायचा नाही. पण घरामागच्या सांदवाडीतून लसणाच्या फोडणीचा वास! माता असल्या घरी कोणी फोडणी देते का? अन् परी कोंबडीमागं पळत होती, ठणठणीत. समजली मी, डहाळा सुईवाल्यांना परतवायला लावला.
लस द्यायला आलेल्या नर्सबाई दारात थबकल्या. मलाच विचारलं, "आजी, खरंच माता आहे काय?" कौसल्या फटीतून पाहत होती.
"हो बाई," म्हटलं.
गेल्या.

१३, शुक्र.
कौसल्यानं लाखोरीच्या डाळीचे वडे आणून दिले. "लाज राखली बाई तू माही." तसेच झाकून ठेवले. सुषमा माझ्याकडे नुसती पाहते. विचारत नाही. विचारलं तर बरं होईल.

१७, मंगळ.
सानगडीकडे गोवर निघाला. एक लेकरू भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, श्वास धरत नाही म्हणे. राहवलं नाही, कौसल्याकडे गेली.
"कौसल्ये, उद्या अंगणवाडीत सुई आहे. ने पोरीले."
"तेव्हाही तू म्हटलं, अन् माहा माणूस उठून आला."
"सुईनं नाही गेला वं तो."
"तुले काय माहीत? सरकारनं सांगतलं म्हणून?"
खरंच, मीही ऐकूनच मानलं. मन मात्र सांगते की ते खरं आहे. मन दाखवू कसं?
मग तीच बोलली, "नेतो मी. पण लिहून दे, परीले काहीच होणार नाही म्हणून. सरकारचा कागद नको. तुह्या हातचा पाहिजे."
घरी येऊन सुषमाला सगळं सांगून टाकलं, डहाळ्याचं खोटंही. रागावली नाही, कपाळाला हात लावला. म्हणे, "आई, लस चांगली आहे. पण असा कागद डॉक्टरही देत नाही. ताप येते कधीमधी."

१८, बुध. पहाटे
तीन कागद फाडले. "काही होणार नाही" लिहावं तर दुसरं खोटं. न लिहावं तर पोरगी सुईविना उघडी, अन् गोवर दोन कोसावर. इकडे आड, तिकडे विहीर.
चौथ्यावर लिहिलं: "ताप येईल, एखादा दिवस. मी तुझ्या घरी येऊन बसेन. परीला मांडीवर घेईन." खाली सही.
कौसल्याला वाचता येत नाही. मीच वाचून दाखवणार. तोंडाला येईल ते, "काही होणार नाही" असंही, वाचता येईल मला, त्याचीच धास्ती.
कौसल्याच्या घरी दार वाजलं. उठली वाटते. जाते.