कुठली गंगा, बाबा?

तीर्थरूप बाबा,

परवा मी तुम्हाला घेऊन गोमुखला निघणार होते. तिकिटं काढून झाली होती, ट्रेकचे बूट हॉलमध्ये येऊन बसले होते. आणि आज सकाळी नाशिकहून तुमच्या बहिणीचा, सुमनआत्याचा फोन आला. म्हणून केंब्रिजच्या ऑफिसमध्ये बसून हे पत्र. शुद्धलेखन चुकलं तर चालवून घ्या, तुमच्या रविवारच्या मराठी क्लासमध्ये मी काही फार दिवे लावले नव्हते.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही म्हणालात, "मनू, मला गंगेत सोड." मला किती बरं वाटलं, सांगू? वाटलं, बाबांनी माझी नदी मागितली. दरवर्षी ज्या हिमनदीच्या तोंडाशी उभी राहून मी वितळून येणारं पाणी मोजते, त्याच पाण्यात बाबांना सोडायचं. मी रडत रडत लगेच हो म्हटलं.

आणि आज आत्या म्हणते, "अगं वेडाबाई, हिमालयात कशाला? आम्ही नाशिकची माणसं गोदावरीलाच गंगा म्हणतो. तुझा बाप रोज गंगेवर पोहायला जायचा, तो काय हरिद्वारला?"

अहो बाबा, हे मला कधी सांगणार होतात? नॉटिंगहॅममध्ये जन्मलेल्या मुलीला गंगा म्हटलं की नकाशातलीच गंगा दिसणार ना?

आता एकेक आठवतंय. माझ्या पहिल्या टॉकला तुम्ही सूट घालून आला होतात. शेवटी हात वर करून विचारलंत, "आमच्या गंगेला तुझ्या बर्फाचं किती पाणी येतं?" मी उत्साहाने समजावलं, की वर डोंगरात पावसाळ्याआधी नदी मुख्यतः बर्फाच्या पाण्यावरच चालते, ऊन वाढलं की पाणी वाढतं. तुम्ही म्हणालात, "मे महिन्यात? तेव्हा तर आमच्या गंगेत नुसतं शेवाळ असतं." मी म्हटलं, "बाबा प्लीज, उलटं आहे." लोक हसले. तुम्हीही हसलात, "असेल बाई" म्हणालात. परतीच्या ट्रेनमध्ये खिडकीबाहेर बघत बसलात. मला वाटलं, दमलात.

तेव्हाच का नाही बोललात? आपण दोघंही बरोबर होतो की. तुमच्या नदीच्या उशाला बर्फ नाहीच. सह्याद्रीवर पाऊस पडला तर तिला पाणी, नाहीतर उन्हाळाभर तिचे हाल.

खरं सांगते, फोन ठेवल्यावर मला रागच आला. म्हटलं, गोमुखलाच जाते, बाबांना कुठे कळणार आहे? तिथे मी दरवर्षी जाते, दरवर्षी तुम्हाला भेटता आलं असतं. नाशिकला मी कोण? दोन लग्नांना आलेली, "पाणी आला" म्हणणारी इंग्लंडची पोरगी. तिथे मी तुम्हाला सोडलं की तुम्ही त्यांचे होणार, माझे राहणार नाही. याचीच भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

पण मागितलं होतं तुम्ही. तिकिटं कॅन्सल केली.

आत्याला विचारलं, "मग परवा नाशिकलाच येऊ?" ती म्हणाली, "आत्ता नको. पाणी साचलंय नुसतं, वाहत नाही. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की फोन करते, तेव्हा निघ." म्हणजे मी सेन्सर लावून पाणी मोजते, आणि तुमचं गाव नदीत उभ्या असलेल्या मारुतीवरून. हेही कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

तर बाबा, थोडं थांबा. हिमनद्या संपल्या तर त्यांच्या नद्याही उन्हाळाभर पावसाकडे डोळे लावून बसतील, असं मी प्रत्येक टॉकमध्ये सांगते. किती सहज सांगते! आता रोज उठून नाशिकचं हवामान बघणार आहे. तुम्ही घरी कपाटावर कलशात आहात, आणि पाऊस पडल्याशिवाय मी काहीच करू शकत नाही.

पण पाणी येईल तेव्हा मी तुम्हाला तुमच्याच गंगेवर नेणार. आणि सोडताना गोदावरी म्हणणार नाही, गंगाच म्हणणार. वचन.

तुमचीच,
मनू