तुझ्या दुधाचा कस

माय, नागपूरच्या दवाखान्यातून कालच अमरावतीला परतलो. माझ्या नातीच्या, म्हणजे तुझ्या पणतीच्या, हृदयातलं भोक बुजवलं. चार महिन्यांचा मुठीएवढा जीव. आता गालावर रंग चढलाय, अन् दूध ओढताना धाप लागत नाही.

माझ्या धाकट्या भावाचंही असंच होतं. छातीशी घेतलं की कपाळ घामानं भिजायचं. अकोल्याच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं अन् म्हणाले, "हृदयात भोक आहे. ऑपरेशन निघालंय म्हणतात, पण मोठ्या पोरांसाठी. तेवढा वेळ हृदयाचं काम करणारं, एवढ्याशा जिवाला चालेल असं यंत्रच नाही. वजन वाढवा, मग पाहू." तो शब्द तू पदराला गाठ मारून आणलास. बाजारात तुझी भाजी विकून झाली की काट्याच्या पारड्यात फडकं अंथरून त्याला ठेवायचीस. शेजारची कांदेवाली हसायची, "काहून वं बाई, पोराचा काय भाव?" तू म्हणायचीस, "तुह्या साऱ्या कांद्याईले पुरून उरन माहा राजा." पण समोरच्या पारड्यात वजन वाढवायची वेळ काही येत नसे. घरी आजी ऐकवायची, "दुधातच कस नाई हिच्या. लेकरू काय हवा खाऊन वाढन?" तू मेथीचे लाडू गिळत राहिलीस. दिवाळीआधीच तो गेला, अन् आजीचं बोलणं तू मरेपर्यंत खरं धरलंस.

पुढे मी मिळेल ते वाचत गेले. आधी यंत्र नव्हतं, तेव्हा परदेशात म्हणे बापालाच शेजारी निजवत, त्याच्या रक्तावर लेकराला जगवत, अन् तेवढ्यात भोक शिवत. तुला कोणी विचारलं असतं, तर भरली टोपली तशीच टाकून तू आडवी झाली असतीस.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंना मी नातीचं काही विचारलंच नाही. विचारलं, "आईच्या दुधात कस नसला, तर असं लेकरू वाढत नाही का?"

त्या म्हणाल्या, "नाही हो आजी. कितीही पाजा, सगळं धाप टाकण्यातच जळतं. दुधाचा काही दोष नाही."

मी तिथंच रडले, माय. डोळे पुसून पाहते तर शेजारी सून मान खाली घालून बसलेली. तिला वाटलं, सासूनं टोमणा मारला.

हा कागद तिच्याच हाती द्यावा म्हणते. कालपासून दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आले. लेकरू पाजत होती. पदर सावरून, माझ्याकडे पाठ करून. तो प्रश्न माझ्या माईसाठी होता गं, एवढं म्हणायला माझी जीभ अजून उचललेली नाही.